एम.एस्सी.च्या मुलांना स्वतःचा प्रश्न सुचावा म्हणून तुम्ही काय करता?

प्राणिशास्त्र_यवतमाळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदव्युत्तर वर्गांना प्राणिशास्त्र शिकवतो, त्यातही कीटकशास्त्र. १९ वर्षं झाली. यंदा दुसऱ्या वर्षाला १४ मुलं आहेत, त्यातल्या ११ मुली. बहुतेकांच्या घरी कपाशी. काही जण सकाळच्या एसटीनं येतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात, कारण संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामाची सोय नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी प्रोजेक्टचे सिनॉप्सिस, म्हणजे आराखडे, दिले. १४ पैकी ९ जणांचा विषय जवळजवळ एकच: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं गुलाबी बोंडअळीचं व्यवस्थापन. ड्रोन, हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा, मशीन लर्निंग, सगळं त्यात होतं. इंग्रजीत एक चूक नाही. आमच्या प्रयोगशाळेत सहा सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातले चार चालतात. त्या नऊ जणांपैकी ड्रोन जवळून कोणीच पाहिलेला नाही. एका सिनॉप्सिसमधले पाच संदर्भ मी शोधायला बसलो. दोन सापडलेच नाहीत. जर्नल खरं, पण त्या अंकातल्या त्या पानावर दुसऱ्याच कोणाचा, दुसऱ्याच विषयावरचा लेख.

त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१७ साली या जिल्ह्यानं काय भोगलं ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. ही मुलं तेव्हा आठवी-नववीत होती. ज्या घरांनी ते वर्ष काढलं, त्या घरातल्या मुलांना बोंडअळीबद्दल स्वतःचं असं काहीच विचारावंसं वाटू नये?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना एका वर्गात बसवलं. कागद, मोबाइल बाजूला ठेवायला सांगितले आणि मराठीत विचारलं, "तुमच्या वावरात डोमकळी पहिल्यांदा कुठं दिसते?"

डोमकळी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गुलाबी बोंडअळीची अळी फुलाच्या कळीत शिरली की पाकळ्या आतून धाग्यांनी जोडून टाकते. फूल नीट उमलत नाही, मिटलेल्या गुलाबासारखं दिसतं. शेतकऱ्याला अळीची पहिली चाहूल त्यातूनच लागते. एका मुलानं आदल्या दिवशी मोबाइलवर हाच शब्द विचारला होता. त्याला उत्तर मिळालं की कळी पाण्याअभावी काळी पडते तिला डोमकळी म्हणतात. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं होतं. त्याच्या वडिलांची सहा एकर कपाशी आहे.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी दोन वर्षांत वर्गात आपणहून बोललेली मला आठवत नाही, ती म्हणाली, "सर, घराकडच्या तासांत. दरवर्षी तिथंच." तास म्हणजे कपाशीच्या ओळी.

"का बरं?"

"मायले विचारलं होतं. ती म्हणे, तिकून हवा येते."

घराकडं काय काय आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, गुरांचा कोठा, त्याच्या मागं पऱ्हाट्यांचा ढीग.

कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून घरामागं रचतात, वर्षभर चुलीला लागतात. त्यांच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. 'पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा' हा सल्ला कृषी विभाग वर्षानुवर्षं देतो. तो तिच्या सिनॉप्सिसच्या तिसऱ्या पानावरही होता, उत्तम इंग्रजीत. तिसरं पान आणि कोठ्यामागचा ढीग यांचा संबंध असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "तुझ्या तिसऱ्या पानावर जे लिहिलंय ते तुझ्या घरामागं आहे." तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिनं लगेच विचारलं, "पण सर, पऱ्हाट्या जाळून टाकल्या तर माय चूल कशावर पेटवंल?"

तिचा प्रोजेक्ट तिथं सुरू झाला. पण हे योगायोगानं घडलं. बाकी १३ जणांचं काय? म्हणून तुम्हाला विचारतो. हे दरवर्षी घडवून आणायचं कसं? मुलांनी एआय वापरावा की नाही? इंग्रजीच्या भिंतीपाशी अडलेल्या मुलाच्या हातून शिडी काढून घ्यायची माझी इच्छा नाही. आणि गुण कशाला द्यायचे? आज आमच्याकडं बांधलेल्या अहवालाला आणि सादरीकरणाला गुण आहेत, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी यंत्र आता सगळ्यात चांगल्या करतं.

---

धानपट्टा_ते_पुणे

सर, मी गोंदिया जिल्ह्यातला, पुण्यात पीएच.डी. करतोय. तुमच्या नऊ सारख्या सिनॉप्सिसवरून दोन अभ्यास आठवले.

पहिला तुर्कस्तानातला. जवळपास हजार शाळकरी मुलांना गणिताच्या सरावाला एआय दिलं. साधं चॅट मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षाही ही मुलं १७ टक्क्यांनी मागं पडली. तिसऱ्या गटाला असं यंत्र दिलं होतं जे उत्तर न देता इशारे देत होतं. तिथं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. अभ्यास शाळेतल्या मुलांचा आहे, एम.एस्सी.ला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण उत्तर देणं आणि इशारा देणं यातला फरक मला स्वतःवर पडताळून पाहता आला आहे.

दुसरा २०२४ चा, 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आलेला. लोकांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना एआयकडून कल्पना घ्यायची मुभा दिली. त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना सुटी सुटी वाचताना जास्त चांगल्या वाटल्या, पण सगळ्या एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या निघाल्या. तुमच्या टेबलावरचे नऊ सिनॉप्सिस असेच झाले असणार. प्रत्येक मुलानं एकट्यानं, प्रामाणिकपणे विचारलं असेल, आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळालं.

मी माझ्यापुरता क्रम बदलला. आधी एक पान हातानं, मराठीत: मी काय पाहिलं, कुठं, मला काय कळत नाही. ते पान होईपर्यंत लॅपटॉप बंद. मग तेच पान यंत्राला देतो आणि सांगतो की माझ्या म्हणण्यात कुठं भोक आहे ते दाखव. या कामात ते फार उपयोगी पडतं. गाइडनं माझ्या कल्पनेवर हल्ला केला तर मला आठवडाभर वाईट वाटतं, यंत्रानं केला तर वाटत नाही. संदर्भ मात्र मी त्याच्याकडून कधीच घेत नाही. घेतला तर मूळ लेख उघडल्याशिवाय वहीत लिहीत नाही.

---

सेवाग्राम_रोड

मी वर्ध्याला शिकवते, विषय वेगळा. दरवर्षी मी मुलांना मगनवाडीतलं मगन संग्रहालय दाखवायला नेते. १९३८ पासूनचं आहे. तिथले जुने चरखे दाखवताना मी त्यांना बक्षिसाची हकिकत सांगते.

१९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख. मला बक्षिसापेक्षा त्याच्या अटी मोलाच्या वाटतात. चरखा खेड्यातल्या झोपडीत चालला पाहिजे. बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकला पाहिजे. म्हणजे वापरणारी कोण, तिच्या घरात किती जागा, तिच्या हातात किती बळ, तिच्याकडं किती पैसा, हे सगळं आधी लिहून दिलं, आणि मग कारागिरांना सांगितलं की आता शोधा.

मी मुलांकडून उपाय मागत नाही, अशा अटी मागते. "तुमच्या घरातली कोणती अडचण? ती कोण सोसतं? उपायाला कोणत्या अटी पाळाव्या लागतील?" पहिल्या वेळी मुलं 'स्वस्त, सोपं, पर्यावरणपूरक' असं लिहून आणतात. ते परत करायचं. तिसऱ्या वेळी एका मुलानं लिहिलं, "आजीला ओणवं व्हावं लागू नये, तिच्या कमरेत पट्टा आहे." तिथून काम सुरू झालं. यंत्र अटी बनवून देतं, पण आजीच्या कमरेचा पट्टा त्याला कोण सांगणार? तो मुलानंच आणावा लागतो.

---

प्राणिशास्त्र_यवतमाळ

ताई, तुमचं वाचलं आणि त्याच दुपारी त्या मुलीला बोलावून अटी लिहायला बसवलं. तिनं लिहिलं ते जसंच्या तसं देतो: "ढीग घरामागंच राहीन. पैसे लागू नये. मायचं काम वाढू नये, ती आधीच पाचला उठते."

तिसऱ्या अटीनं माझ्याच डोक्यातले दोन उपाय बाद झाले. मला वाटत होतं, ढिगातल्या पऱ्हाट्यांवरची किडकी बोंडं हातानं तोडून घ्यावीत. पण ती तोडणार कोण? तीच बाई.

मग ती म्हणाली की ढिगावर जुनी शेडनेटची जाळी टाकून आत एक कामगंध सापळा ठेवला तर? पतंग बाहेर पडतील ते आतच अडकतील. मला खरंच ठाऊक नाही हे चालेल का. कामगंध सापळ्याच्या गोळीत गॉसिप्लुअर असतं, मादीच्या वासाची नक्कल करणारं रसायन; त्या वासावर फक्त नर येतात, माद्यांचं काय? जाळीचं भोक पतंगापेक्षा मोठं असलं तर? हे दोन्ही प्रश्न तिनं स्वतः वहीत लिहिले. पुण्याच्या मित्रानं सांगितलं तसं तिनं मग यंत्राला "यात भोक दाखव" म्हणून विचारलं. ते म्हणालं, जाळीखाली ढिगाचं तापमान बदलेल आणि पतंग निघण्याची वेळही बदलू शकेल. हे मला सुचलं नव्हतं. चांगला मुद्दा आहे, आणि मी तो तिच्यासमोर मान्य केला.

---

चार_एकर_दारव्हा

नमस्कार सर. मी काही शिकवणारा मानूस नाही. दारव्ह्याकडं माही चार एकर पऱ्हाटी हाय. पोरगी बी.एस्सी.ले हाय, तिनं हे सारं वाचून दाखवलं, अन् मी सांगतो ते तेच लिहून राह्यली.

ढिगाचं म्हनान तर आमच्या इकडं लोक नव्या पऱ्हाट्या जुन्याच ढिगावर रचते. चुलीले काढते त्याही वरूनच. मंग बुडाच्या तशाच राह्यते, दोन-दोन साल. तुमच्या त्या पोरीले पाह्यले सांगा, पतंग वरच्यातून निंगते का बुडातून. बुडातून निंगत असंल तं जाळी कायले पाह्यजे? जुना ढीग एका अंगाले अन् नवा दुसऱ्या अंगाले रचाचा, जुना पह्यले जाळाचा. मायचं काम काही वाढत नाही.

मी शेवटची वेचनी झाली का वावरात मेंढरं बसवतो. अर्धे फुटलेले, हिरवे, किडके, सारे बोंडं खाऊन टाकते. मंगच पऱ्हाटी उपटतो. फरदड, म्हंजे तेच पीक पुढं ठेवनं, २०१७ पासून बंद. हे मले कोनी शिकवलं नाही, अन् आजवर कोनी इचारलंही नाही. सर, तुमच्या पोराईले आमच्याकडं पाठवत जा. आम्ही चहा पाजू अन् पाह्यलं ते सांगू.

---

नागभीडची

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, नागभीड तालुक्यातली. मागच्या वर्षी एम.एस्सी. झाले, वनस्पतिशास्त्र. मुलांच्या बाजूनं थोडं बोलते.

आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे सगळ्यांना माहीत आहेत. तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या रंगाच्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, परत निवडल्या, परत लावल्या. त्यातून आलेल्या बारीक तांदळाला व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आज तो तांदूळ कुठं कुठं खातात ते मी सांगायला नको. २०१८ साली ते गेले.

शिक्षक ही गोष्ट सांगतात तेव्हा म्हणतात, बघा, त्यांच्याकडं ना इंटरनेट होतं ना एआय. मला ते पटत नाही. डोळा त्यांचा स्वतःचा होता, खरं आहे. पण वाण म्हणजे कायद्यानं काय, शेतकऱ्यालाही आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो, त्यासाठी २००१ चा कायदा आहे, अर्ज कसा करायचा, हे समजावून सांगणारं त्यांच्या भाषेत कोणी जवळ असतं तर? आज ते काम एखादी मुलगी मोबाइलवर करू शकते. माझ्या गाइडकडं मी धरून बरेच विद्यार्थी होते, महिन्यातून एकदा दहा मिनिटं मिळायची. मी रात्री अकराला यंत्राला विचारायचे की संख्याशास्त्रातली काय-वर्ग (chi-square) चाचणी म्हणजे काय, परत सांग, अजून सोपं सांग. तिथं मला लाज वाटत नव्हती. वर्गात वाटायची.

म्हणून सर, बंदी घालू नका. आणि तुमची मागच्या बाकावरची मुलगी दोन वर्षं का बोलली नाही, तेही पाहा. तुम्ही मराठीत विचारलं तेव्हा ती बोलली.

---

प्राणिशास्त्र_यवतमाळ

नागभीडच्या ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. दोन वर्षं मी त्या वर्गाला इंग्रजीतच प्रश्न विचारत आलो, कारण परीक्षा इंग्रजीत आहे. ही माझी चूक झाली.

दारव्ह्याच्या दादांचा मुद्दा मी वर्गात मोठ्यानं वाचला. त्या मुलीनं जाळीचा बेत तूर्त मागं ठेवला. ढिगाच्या बुडाकडच्या आणि वरच्या पऱ्हाट्यांवरची बोंडं ती वेगवेगळ्या बरण्यांत ठेवणार, तोंडाला मलमलीचा कपडा बांधून, आणि रोज सकाळी पतंग मोजणार. यंदाचा हंगाम पुढं गेलाय, त्यामुळं बरण्यांतून आता फार पतंग निघतील असं मला वाटत नाही. तरी बोंडं चिरून आत जिवंत अळी आहे का, एवढं आज पाहता येतं. उरलेलं पुढच्या जूनमध्ये, ती पास होऊन गेलेली असली तरी. तिच्या धाकट्या बहिणीनं बरण्या सांभाळायचं कबूल केलंय. दादा, तुमच्याकडं दिवाळीनंतर चार मुलं घेऊन येतो. मेंढरं बसवता तेव्हाच येऊ.

बाकीच्यांना मी सिनॉप्सिस परत दिले. रागावलो नाही. पंधरा दिवस वावर, ओटा, गोदाम, तलाव, जे जवळ असेल तिथं जायचं आणि वहीत रोज एक पान लिहायचं, मराठीत किंवा वऱ्हाडीत, पेननं. पंधरा दिवसांत पाच जणांनी वह्या भरल्या. तिघांनी एकाच रात्रीत पंधरा पानं लिहिली, शाई एकसारखी होती, त्यांना परत पाठवलं. एक मुलगा आलाच नाही. त्याच्या घरी सोयाबीन काढणी होती. त्याला मी बोल लावू शकत नाही.

ड्रोनवाल्यांपैकी एकाच्या वहीत मला आवडलेलं काही निघालं. सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढून मोजणी करणारं अ‍ॅप वाधवानी एआय या संस्थेनं कपाशीसाठी बनवलं आहे. या मुलानं ते वाचलं होतं. त्याच्या वहीत होतं, "पाऊस पडल्यावर सापळ्यातले पतंग ओले होऊन चिकटतात, पंखावरचा रंग जातो, मलाच ओळखू येत नाही, मोबाइलले कसं येईल?" आता तो एकाच सापळ्यातले पतंग कोरड्या दिवशी आणि पावसानंतर, हातानं मोजून आणि फोटोवरून मोजून, ताडून पाहतोय. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, ही फवारणीचा निर्णय घेण्याची पातळी. मोजणीत दोन-तीन पतंगांचा घोळ झाला तर शेतकरी फवारणी एक तर विनाकारण करणार, नाही तर उशिरा. हे त्यानं मला समजावून सांगितलं, मी त्याला नाही. यंत्रावर राग नाही, भक्ती नाही, त्याची पारख करतोय. माझ्या १९ वर्षांत इतका चांगला एम.एस्सी.चा प्रश्न माझ्याकडं फार वेळा आलेला नाही.

गुणांचं अजून सुटलेलं नाही. अहवालाचे गुण माझ्या हातात नाहीत, पण अंतर्गत गुण आहेत. ते मी वहीला आणि तोंडी प्रश्नांना द्यायचं ठरवलंय. तोंडी परीक्षेत एआय कुठं वापरलं, त्यानं काय सांगितलं आणि त्यातलं काय चुकीचं निघालं, हे विचारणार. 'काहीच चुकीचं निघालं नाही' असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न, "मग तू तपासलं कसं?" विभागातल्या एका सहकाऱ्याला हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, बाहेरून येणारा परीक्षक वही पाहणार नाही, आणि मुलांचे गुण गेले तर नोकरीच्या यादीत तीच मागं राहतील. त्यांची काळजी खोटी नाही. इथं कोणी वहीला गुण देण्याची पद्धत विद्याशाखेत मंजूर करून घेतली असेल तर कृपा करून सांगा, कागदपत्रं कशी केली तेही.

उद्या शनिवार. सकाळच्या गाडीनं त्या मुलीच्या गावी जातोय. सापळ्यातल्या गोळ्या बदलायच्या आहेत, आणि तिच्या आईनं निरोप पाठवलाय की ढीग उपसायचा असंल तर दुपारच्या आत या, नंतर ती कापूस वेचायला जाते.